माळावर ओतलेली पांढरी रांगोळी

जव्हारमध्ये वनमालाताईंच्या रांगोळीला मान होता. देवळात सप्ताह असो, कुणाकडं साखरपुडा असो, की शाळेत पाहुणे यायचे असोत, आदल्या दिवशी निरोप यायचाच, "ताई, तेवढं अंगण तुमच्याकडं हं." मग ताई पदर खोचून, रंगांचे डबे घेऊन हजर. उकिडव्या बसून एका दमात रेघ ओढायच्या. ती रेघ मध्येच तुटलेली कुणी पाहिली नव्हती. त्यांचे यजमान हरिभाऊ यांचं बाजारपेठेत शिवणकामाचं दुकान. कापडावर खडूनं खुणा करता करता ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "आम्ही दोघंही रेघा मारतो. माझ्या रेघा कात्री खाते, हिच्या लोकांच्या चपला खातात."

या रांगोळीमुळंच वनमालाला ते काम मिळालं. ठाण्याची एक संस्था जव्हार-मोखाड्यात आली होती. इथली जंगलं आणि शेतं पुढच्या वीस वर्षांत किती उरतील, त्यांच्या जागी घरं, हॉटेलं, गोदामं कुठं कुठं उभी राहतील, याचा अंदाज कॉम्प्युटरवर बांधायचा, असं त्यांचं काम. ते काम बघणारी मुलगी अवंती. चष्मा, पाठीला पिशवी, आणि बोलायला गोड. तिनं पहिल्याच दिवशी वनमालाला सगळं समजावून सांगितलं.

"मशीनला आम्ही मागची चित्रं दाखवतो, ताई. वीस वर्षांपूर्वी आकाशातून काढलेलं, मग दहा वर्षांपूर्वीचं, मग आजचं. कुठलं शेत गेलं, कुठं घर आलं, रस्त्यापासून किती लांब होतं, चढ किती होता, शेजारी काय होतं. ते बघून बघून मशीन शिकतं आणि पुढचं सांगतं."

"म्हणजे भविष्य सांगणारं यंत्रच की गं हे."

"तसंच. फक्त ज्योतिष्याकडं लोक आपणहून जातात. आमच्याकडं कुणी येत नाही, आम्हालाच दारोदार जावं लागतं."

दोघी हसल्या. दारोदार जायचं ते एवढ्यासाठी, की वरून काढलेल्या चित्रात सगळंच कळत नाही. उन्हाळ्यात डोंगर तपकिरी दिसतो, पावसाळ्यात ढग. म्हणून पाड्यापाड्यावर जायचं, माणसं गोळा करायची आणि त्यांच्याच तोंडून त्यांचं गाव अंगणात रांगोळीनं काढायचं. हिरवं म्हणजे जंगल, पिवळं म्हणजे शेत, निळं पाणी, लाल बांधकाम. आणि पांढरं म्हणजे मोकळी जागा, जिथं काही नाही. लोक बोट दाखवतील तिथं वनमालानं रंग भरायचा. मग अवंती उंचावर उभी राहून फोटो काढणार आणि ते मशीनला देणार.

चार पाडे झाले, पाच झाले. वनमाला खूश होती. गळ्यात ओळखपत्र, हातात डबे, जीपमध्ये पुढची जागा. शाळा मराठीतून शिकलेली, बोलणं स्वच्छ. पाड्यावरची बोली तिला कळायची आणि अवंतीला ती शुद्ध करून सांगायची. अवंती म्हणाली, "तुम्हाला कसं काय हो सगळं कळतं?" वनमाला म्हणाली, "कानावर पडतं ना. जव्हारच्या बाजारात येतात हे लोक."

हे लोक. शब्द तोंडातून गेला आणि तिला काही वाटलंही नाही. तेव्हा.

मार्च महिन्यात एका सकाळी जीपमध्ये बसताना अवंतीनं त्या दिवशीच्या पाड्याचं नाव घेतलं आणि वनमालानं ते पुन्हा विचारून घेतलं. सूर्यमाळच्या पलीकडच्या अंगाला असलेला तो पाडा तिच्या आईचं माहेर होता. वडील जव्हारच्या शाळेत शिपाई, एका खोलीत चौघांबरोबर राहणारे, म्हणून आई लेकीला घेऊन भावाकडंच राहिली होती. त्या भावाच्या, जिवामामाच्या, कुडाच्या घरात ती वाढली. माघ महिन्यात जन्मली म्हणून तिथं तिचं नाव माघी. शाळेसाठी जव्हारला आली, मोठी झाली, लग्न झालं. लग्नात ताटातल्या तांदळांवर हरिभाऊंनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, वनमाला. माघी त्या तांदळांखाली राहिली ती राहिलीच.

लग्नानंतर मामा एकदा दुकानावर आला होता. अनवाणी, खांद्यावर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, गाठोडं. दुकानात तालुक्याच्या साहेबांची बायको ब्लाऊजचं माप द्यायला बसलेली. तिनं विचारलं, "कोण हो?" वनमाला म्हणाली, "गावाकडचे आहेत, ओळखीचे." मामानं गाठोडं पायरीवर ठेवलं आणि पाणी पिऊन गेला. पुन्हा आला नाही. आई वारली तेव्हा स्मशानात भेट झाली, तेवढीच.

पाड्यावर अर्धी घरं बंद होती. दिवाळीनंतर जी माणसं भिवंडीकडं कामाला जातात ती अजून परतली नव्हती. शाळेच्या अंगणात जमली ती म्हातारी माणसं, एकदोन लेकुरवाळ्या, आणि सोनी आजी, जिचं तोंड अख्ख्या पाड्याला ऐकू जायचं. वनमाला पदर खोचून उकिडवी बसली, तशी सोनी आजीनं शेजारणीला ढोसलं.

"शेरातल्या बाया अशा बसत नाय गं. त्यांचं गुडघं वाजतात. ही बघ कशी बसली, नागलीची रोपं आवायला बसल्यावानी."

बायका हसल्या. वनमालानं मान वर केली नाही. सोनी आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, तिनं ओळखलं नव्हतं; बाकीच्यांनी तिला शेवटचं पाहिलं ते परकर-पोलक्यात. आणि भिंतीला टेकून, कमरेच्या आकडीत कोयता अडकवून जिवामामा बसला होता. दाढीचे खुंट पांढरे झालेले, गळ्याची कातडी लोंबलेली. तो वनमालाकडंच बघत होता.

त्यानं ओळखलं होतं. तिला ते लगेच कळलं.

"ताई, आधी सगळ्यांची ओळख करून घेऊ या ना," अवंती फोन वर धरत म्हणाली. "तुम्ही नाव विचारा, मी व्हिडिओ घेते."

वनमाला एकेकापुढं गेली. प्रत्येकानं नाव सांगितलं. मामाची पाळी आली. त्या एका क्षणात "हा माझा मामा" एवढंच म्हणायचं होतं, तीन शब्द. मागं अवंतीचा फोन चालू होता. वनमालाच्या तोंडून निघालं ते हे:

"बाबा, तुमचं नाव काय?"

मामानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग गळ्यातल्या ओळखपत्राकडं पाहिलं. मग सरळ बसला, साहेबासमोर बसतात तसा.

"जिवा," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "जिवा ढवळू झुगरे, ताई."

रांगोळीला सुरुवात झाली. घरं, विहीर, खाली भाताची खाचरं, वरचं रान. सोनी आजी वाद घालत होती, कुणी ओहोळ डावीकडं सरकवत होतं. हळूहळू अंगणात पाडा उतरला. शेवटी शाळेच्या मागचा उतार राहिला. खालून डांबरी रस्ता जातो त्याच्या वरचा, दरीकडं तोंड केलेला मोठा माळ.

"आणि इथं काय आहे?" वनमालानं विचारलं. सगळ्यांनी मामाकडं पाहिलं, कारण माळ त्याचा.

मामा म्हणाला, "काय नाय, ताई."

वनमालाचा हात डब्यावर थांबला. त्या माळावर तिनं आईच्या मागं मागं फिरून नागलीची रोपं लावली होती. एक वर्ष नागली, पुढं वरई, त्यापुढं खुरासणी, मग दोनतीन वर्षं माळ तसाच सोडायचा, दमलेल्या जमिनीनं पुन्हा अंग धरावं म्हणून. मामा म्हणायचा, "कणसरी निजली, तिला उठवू नको." कणसरी म्हणजे धान्याची आई. माळाच्या डोक्यावर तिचा शेंदरी दगड होता, पहिली कणसं तिथं वाहिल्याशिवाय घरात कुणी नव्या नागलीची भाकर खात नसे.

आणि "काय नाय" हेही तिला माहीत होतं. लहानपणी कधी खाकी कपड्यातला माणूस डोंगर चढून यायचा. वर काय पेरलंय म्हणून दरडावायचा. पाड्यावरचं पोरसुद्धा सांगायचं, काय नाय साहेब. हे शिकवावं लागत नसे, ते अंगातच मुरलेलं होतं. माघीनंही एकदा सांगितलं होतं, नागलीच्या रोपांची मूठ पाठीमागं लपवून. गळ्यात काही लटकवून परका माणूस आला, की डोंगरावर काही नसतं. आपलं माणूस विचारतं, तेव्हा असतं.

तिनं परकी होऊन विचारलं होतं. मामानं परक्याला द्यायचं तेच उत्तर दिलं होतं.

"मोकळं आहे का, ताई?" अवंतीनं पायरीवरून विचारलं.

"हो," वनमाला म्हणाली. आणि तिनं माळावर पांढरी रांगोळी ओतली.

मे महिन्यात संस्थेच्या जव्हारच्या खोलीत अवंतीनं तिला कॉम्प्युटरवर पाडा दाखवला. पहिलं चित्र आजचं. मग अवंतीनं कळ दाबली आणि वर्षं पुढं सरकू लागली. रस्त्याच्या कडेनं लाल ठिपके उगवले, जसे जव्हारजवळच्या शिरपामाळाच्या वाटेवर गाड्या वाढल्यावर टपऱ्या उगवल्या तसे. ठिपके ठिपक्यांना चिकटत गेले. आणि पाड्यावर सगळ्यांत आधी, कुणाच्याही आधी, पूर्ण लाल झाला तो शाळेमागचा माळ.

"हा का एवढा लवकर?" वनमालानं पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

"मोकळा आहे ना. जंगल चटकन हलत नाही, शेत त्याहून थोडं लवकर, आणि मोकळी जागा सगळ्यांत आधी जाते. शिवाय रस्ता जवळ, दरीचा देखावा. हॉटेलवाल्याला आणखी काय हवं?" अवंती उत्साहात होती. "खरं सांगू का, इथं मशीनचा गोंधळ होत होता. कधी झुडपं म्हणायचं, कधी पीक. मग आम्ही तुमची रांगोळी प्रमाण धरली. तुमच्यामुळं सुटलं ते."

"आणि हे चित्र पुढं कुणाला देणार?"

"मोखाड्याला बैठक आहे. गावालाही दाखवायचं आणि अधिकाऱ्यांनाही. पर्यटनाचा आराखडा होतोय, त्यात कुठली जागा मोकळी धरायची ते यावरून ठरणार. तुम्ही समजावून सांगायला लागणार हं ताई, तुमच्याशिवाय नाही होणार."

घरी येऊन वनमालानं तुळशीपुढं दिवा लावला. रोज ती हात जोडून काहीबाही मागायची, हरिभाऊंच्या डोळ्यांना आराम पडू दे, लेकीची बदली जवळ होऊ दे. त्या दिवशी हात जोडले आणि काय मागावं ते सुचेना. देवा, कुणाला कळू नये, असं मनात आलं आणि तिनं हात सोडूनच दिले. असलं मागणं देवापुढं न्यायचं तरी कसं?

मन मात्र पळवाटा काढत राहिलं. आपण थोडंच ठरवलं, मामाच म्हणाला काय नाय. मशीनचा अंदाज आहे तो, खरा कुठं होतोय. आणि माळावर खरंच त्या दिवशी काही नव्हतंच की. प्रत्येक पळवाट थोडी पुढं जायची आणि त्याच जागी येऊन थांबायची. बाबा, तुमचं नाव काय.

शेवटी जेवताना तिनं हरिभाऊंना सांगितलं. ते ऐकत राहिले. ताटातली भाकरी तशीच.

"मग सांगून टाक ना त्या पोरीला. चूक झाली म्हणावं. बदलतील."

"विचारतील, तुम्हाला कसं माहीत."

"मग सांग, मामा आहे म्हणून."

वनमालानं त्यांच्या ताटात आमटी वाढली.

हरिभाऊंनी चष्मा काढून पुसला. "माझ्यामुळं लपवलंस का गं? माझ्या घरचं कुणी काही बोललं का तुला कधी?"

"नाही."

"आईसुद्धा नाही?"

"कुणीच नाही," वनमाला म्हणाली. आणि तेच सगळ्यांत जड होतं. सासूबाईंनी उलट एकदोनदा विचारलं होतं, तुझे मामा का येत नाहीत गं हल्ली? लाज तिला कुणी दिली नव्हती. तिनं ती आपणहून घेतली होती, आणि दागिन्यासारखी जपली होती.

मोखाड्याच्या बैठकीला पाड्यावरची माणसं जीपमध्ये कोंबून आली. पुढच्या खुर्च्यांवर अधिकारी, संस्थेचे मोठे सर, मागं एकदोन झकपक कपड्यांतले पाहुणे. पाड्यावरची मंडळी खुर्च्या रिकाम्या असूनही भिंतीकडेला बसली. सोनी आजी, जिवामामा, आणि त्याच्या शेजारी ठकी मामी. मामीला बघून वनमाला खांबाआड झाली. मार्चमध्ये मामी पाण्याला गेली होती, म्हणून गाठ पडली नव्हती.

भिंतीवर चित्र आलं. सर बोलले ते अर्ध्यांना कळलं नाही. मग वनमालाला पुढं बोलावलं. तिनं काठीनं दाखवायला सुरुवात केली, शुद्ध भाषेत, खालच्या आवाजात. हे आत्ताचं, हे वीस वर्षांनंतरचं.

"आमचा पाडा कंचा?" सोनी आजी ओरडली. "मला फकस्त रंग दिसतात बाई, पाडा दाव."

वनमालानं काठीचं टोक पाड्यावर टेकवलं.

"आनी त्याच्या डोक्यावर ह्यो लाल डाग कशाचा? कोंबडं कापलं का कुनी?"

सभागृह हसलं. वनमालानं काठी खाली घेतली. अवंतीला वाटलं, ताईंना अवघड जातंय, तीच पुढं झाली. "आजी, तिथं आत्ता काही नाही ना, म्हणून तिथं आधी बांधकाम होईल असं मशीन म्हणतंय."

"काय नाय कसं? जिवाचा माळ हाये त्यो. नागलीचा."

मोठ्या सरांनी भुवया उंचावल्या. "पण नकाशा तर तुम्ही सगळ्यांनीच काढलाय. तुमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं असणार, इथं काही नाही म्हणून."

भिंतीकडेला कुजबुज झाली. मग जिवामामा उठला. उठताना त्यानं भिंतीचा आधार घेतला. वनमालाकडं त्यानं पाहिलंही नाही.

"मीच सांगितलं, साहेब. काय नाय म्हनून. म्हातारा झालो, चुकलं."

मागच्या पाहुण्यांतला एकजण हसून म्हणाला, "आजोबा, स्वतःची जमीन विसरलात की काय? पोरं कुठायत, तेवढं लक्षात आहे ना?"

पुन्हा हशा. मामाही हसला, ओशाळं, माणसं साहेबांच्या विनोदाला हसतात तसा. ते हसणं वनमालाला बघवेना. तो तिची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन भर सभेत वेडा ठरत होता. आणि ती काठी धरून उभी होती.

"ते विसरलेले नाहीत," ती म्हणाली. "मी विचारलं म्हणून ते तसं म्हणाले. गळ्यात कार्ड घालून कुणी विचारलं की पाड्यावर असंच सांगतात. पूर्वी त्रास व्हायचा, म्हणून. मला ते माहीत होतं. माळ निजवलेला आहे, मोकळा नाही, हेही माहीत होतं. तरी पांढरा रंग मी टाकला."

"तुम्हाला कसं माहीत होतं?" सरांनी विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं.

"मी तिथं नागली लावलीय. लहानपणी." तिनं काठी टेबलावर ठेवली. "तो माझा मामा आहे. मला वाढवलं त्यानं."

सोनी आजीनं डोळे बारीक केले. "मंजे माघी? आगं माझे बाई! तरीच उकिडवी बसली!"

अवंती तिच्याकडं बघत होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, ती आपली आठवत होती. "पण ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही त्यांना नाव विचारलं होतं ना? माझ्याकडं व्हिडिओ आहे."

वनमालानं मान हलवली. हो. आहे.

तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की छाती हलकी होईल. कीर्तनात तसंच तर सांगतात. काही हलकं झालं नाही. उलट आजवर जे एकटीला दिसत होतं, ते आता सगळं सभागृह बघत होतं.

मोठे सर भले होते. त्यांनी ठरवलं, जागेवर जाऊन खुणा घ्यायच्या, मशीन पुन्हा चालवायचं, आणि तोवर चित्र कुणाला द्यायचं नाही. अधिकाऱ्यांनीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अवंती आणि वनमाला पाड्यावर गेल्या. ओळखपत्र वनमालानं घरीच ठेवलं होतं.

मामा पुढं, ह्या दोघी मागं. माळ तापला होता, गवताची खोडं पायाला टोचत होती. मामानं चालता चालता कोयत्यानं एकदोन झुडपं बाजूला केली, तिथं खाली दगडांची जुनी ताल दिसली. माती वाहू नये म्हणून रचलेली. तिचे खालचे दगड ढवळू आजानं लावलेले. माळाच्या पायथ्याशी पालापाचोळ्याचा राब भाजून ठेवला होता, काळ्या राखेचा चौकोन. रोपं तिथं तयार व्हायची होती. कणसरीचा दगड होता तिथंच होता, शेंदूर ताजा. वनमालानं चप्पल काढली आणि डोकं टेकवलं. दगड उन्हानं भाजत होता.

"विचारा ना ताई," अवंतीनं फोन काढला. "यंदा काय लावणार ते."

वनमाला मामाकडं वळली. या वेळी तिनं पाड्याच्या बोलीत विचारलं. कित्येक वर्षांत जिभेवर न आलेले ते शब्द अडखळत, मोडकेतोडके आले. "मामा, औंदा काय लावशील?"

मामा दरीकडं बघत होता.

"नागली," तो म्हणाला. "नागली लावू, ताई."

अवंतीनं बोट टेकवलं, माळाच्या चारी कोपऱ्यांवर फिरून खुणा घेतल्या. फोनच्या पडद्यावर पांढरा तुकडा पिवळा झाला. "झालं की हो!" ती आनंदानं म्हणाली. वनमालानं बघितलं. हळदीसारखा पिवळा. झालं होतं खरं.

खाली उतरल्यावर ठकी मामी दारात वाट बघत होती. तिनं वनमालाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "किती वाळलीस माघे. बस, चूल पेटली हाये, भाकर टाकते. आता कुठं जातीस?"

वनमाला ओसरीवर टेकणार, तेवढ्यात मामा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. तांब्या त्यानं आधी अवंतीपुढं धरला, मग तिच्यापुढं. दोन्ही हातांनी.

"अडवू नको गं त्यांना," तो मामीला म्हणाला. आवाजात राग नव्हता, कुरकुर नव्हती. "ताईंना उशीर होईल. खालची जीप निघंल."

मामी एकदा नवऱ्याकडं, एकदा भाचीकडं बघत राहिली. मग आत गेली.

वनमाला पाया पडायला वाकली. मामा मागं सरला. "असू दे, असू दे." वाकलेली ती तशीच जमिनीला हात लावून उठली. शेणानं सारवलेली गार जमीन. ह्याच ओसरीवर आईनं तिला पहिली रांगोळी शिकवली होती, तांदळाच्या पिठाची, चार ठिपक्यांची.

जीप वळणावर आली तेव्हा तिनं मागं पाहिलं. जिवामामा दारातच उभा होता. त्यानं हात जोडले, बाहेरून आलेल्या मोठ्या माणसाला निरोप देताना जोडतात तसे, आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत ते खाली घेतले नाहीत.